नागपूरहून देवयानी दीर्घिकेतले नोव्हा कसे शोधायचे?

प्रश्न असा आहे: ८ इंची न्यूटोनियन दुर्बीण (फोकल लेंग्थ ८०० मिलिमीटर), गायडिंग (ताऱ्यावर नजर ठेवून चाल सुधारत राहणे) करता येणारे इक्वेटोरियल माउंट (आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवणारा आधार), थंड करता येणारा मोनोक्रोम कॅमेरा आणि मुक्काम नागपूर. एवढ्या सामग्रीवर दुसऱ्या दीर्घिकेतला नोव्हा शोधता येईल का, आणि येत असेल तर रोज नेमके करायचे काय?

शोधता येईल. त्यासाठी एकच दीर्घिका, एकच चौकट आणि एकच पद्धत धरून हंगामभर चिकटून राहावे लागते. महिन्यातून दोन रात्री सुंदर फोटो काढणाऱ्याला नोव्हा सापडत नाही. आठवड्यातून चार-पाच रात्री तेच साधे चित्र घेऊन त्याच दिवशी तपासणाऱ्याला सापडू शकतो.

आधी लक्ष्य ठरवू. नोव्हा म्हणजे जोडताऱ्यातल्या श्वेत बटूवर शेजाऱ्याकडून साचलेल्या हायड्रोजनचा अणुस्फोट. प्रत म्हणजे तेजाचे माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद; निरपेक्ष प्रत म्हणजे ठरावीक अंतरावरून धरलेले खरे तेज. नोव्हाची निरपेक्ष प्रत बहुधा उणे ६ ते उणे १० यांच्या मधली, नेहमीचा नोव्हा उणे साडेसातच्या आसपास. देवयानी दीर्घिका, म्हणजे एम ३१, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. त्या अंतरामुळे प्रतीत साधारण २४.४ ची भर पडते. म्हणजे नेहमीचा नोव्हा ऐन भरात १७ च्या आसपास दिसेल, एखादा तेजस्वी १५.५ ला येईल आणि बरेचसे १८ च्या पलीकडे राहतील. एम ३१ मध्ये वर्षाला सुमारे ६५ नोव्हा होतात असा अंदाज आहे. एम ३३ तेवढीच जवळची आणि नागपूरहून जवळजवळ डोक्यावरून जाते, पण तिथे वर्षाला दोन-तीनच होतात, म्हणून ती दुसऱ्या क्रमांकावर. एम ८१ सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षांवर आहे, तिथला नेहमीचा नोव्हा विसाव्या प्रतीवर जातो. ८ इंचीने तो विषय सोडून द्या. मोठा मॅजेलन मेघ खूप जवळचा, पण त्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर, उणे ७० अंशांच्या जवळ. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने तो इथे क्षितिजाच्या वर येतच नाही. तेव्हा एम ३१.

एम ३१ नागपूरच्या आकाशात याम्योत्तर (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना जवळजवळ ७० अंश उंचीवर असते, पण उत्तरेच्या बाजूला. ईशान्येला उगवते, वायव्येला मावळते, म्हणजे पूर्ण वेळ आकाशाच्या उत्तर अर्ध्यात. याचा थेट परिणाम जागेच्या निवडीवर होतो. बेसा किंवा मानेवाड्यात बसलात तर अख्ख्या शहराचा उजेड दुर्बिणीच्या तोंडासमोर असतो. रामटेक, पारशिवनी, सावनेरच्या बाजूला गेलात तर शहर आणि कोराडीचे वीज केंद्र पाठीमागे राहतात. सगळ्यात चांगले आकाश पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात मिळते. महाराष्ट्रातल्या पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातल्या पहिल्या डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला. पण पेंचला रोज जाणे होणार नाही आणि या कामात रोज जाणे जास्त मोलाचे आहे. घरापासून अर्ध्या तासावरची मध्यम काळोखाची जागा, जिथे दुर्बिणीचा खांब कायमचा रोवता येईल, ती महिन्यातून दोनदा मिळणाऱ्या उत्तम काळोखापेक्षा मी वरची धरीन.

हंगाम ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. जुलै ते सप्टेंबर पावसाळ्यात जातात, त्याला इलाज नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एम ३१ रात्री सव्वाबाराच्या सुमारास याम्योत्तरावर येते, १५ नोव्हेंबरला ९ वाजून २० मिनिटांनी, १५ डिसेंबरला साडेसातच्या आत. १५ जानेवारीला अंधार पडतो तेव्हा ती पश्चिमेकडे कललेली असते आणि पावणेदहाच्या सुमारास ३० अंशांवर उतरते, म्हणजे जेमतेम अडीच तास हाती लागतात. चंद्राचेही गणित बघा. कोजागिरीचा चंद्र नेमका मीन-मेषेत, एम ३१ पासून फार लांब नसतो, त्यामुळे त्या पाच-सहा रात्री साध्या चित्रणाला निरुपयोगी. दिवाळीची अमावस्या हंगामातली सगळ्यात काळोखी वाटते, पण लक्ष्मीपूजनाच्या आणि पाडव्याच्या रात्री फटाक्यांचा धूर एवढा साचतो की तारे एकेक प्रत मंद दिसतात. त्या रात्री फ्लॅट (एकसारख्या उजेडाचे फोटो) आणि डार्क (झाकण लावून घेतलेले फोटो) काढायला वापरा; कॅमेऱ्याचे दोष काढायला ते लागतात.

आता सामग्री. ८०० मिलिमीटरला ३.७६ मायक्रॉनचे पिक्सेल असतील तर एका पिक्सेलमध्ये ०.९७ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) येतो. आपल्याकडच्या हवेच्या थरथरीने ताऱ्याचा पसारा तीन-साडेतीन आर्कसेकंदांचा धरला तर तारा तीन-चार पिक्सेलवर पसरतो. हे माप या कामाला अगदी योग्य आहे. बिनिंग (शेजारचे पिक्सेल एकत्र करणे) करू नका. ३००८ बाय ३००८ पिक्सेलच्या चौकोनी सेन्सरला सुमारे ४९ आर्कमिनिटांची चौकट मिळते. एम ३१ आकाशात तीन अंशांवर पसरलेली आहे, म्हणजे पूर्ण बसणार नाही, आणि बसवायची गरजही नाही. नोव्हांची दाटी मधल्या फुगवट्यात आहे. चौकट गाभ्यावर केंद्रित करा, एवढे पुरे. जरा वेळ उरला तर ईशान्य आणि नैऋत्य बाजूच्या चौकटी घ्या, पण मधली चौकट एकाही रात्री चुकवू नका.

रोजचा क्रम असा ठेवा. ६० सेकंदांच्या ६० फ्रेम, त्यातल्या २०-२० चे तीन संच. प्रत्येक संचाचा वेगळा स्टॅक (फ्रेम एकावर एक रचून केलेले एक चित्र) करायचा आणि तिन्हींचा मिळून चौथा. चौथ्या स्टॅकमध्ये खोलवर दिसते, पहिल्या तिघांमध्ये खरे-खोटे कळते: ठिपका तिन्हींत त्याच जागी नसेल तर तो नोव्हा नाही. दर तीन फ्रेमनंतर १०-१५ पिक्सेलचे डिदरिंग, म्हणजे दुर्बीण किंचित सरकवणे, हवे. ते नसेल तर कॅमेऱ्याचे गरम पिक्सेल ताऱ्यांवर रांगत जातात आणि स्टॅकमध्ये बारीक रेघा उमटतात. एकाच जागी थांबलेला गरम पिक्सेल मात्र हुबेहूब मंद ताऱ्यासारखा दिसतो. गाभ्याचे पिक्सेल ६५,००० च्या वर टेकत असतील तर फ्रेम ३० सेकंदांची करा आणि संख्या दुप्पट. कमाल मोजणीला टेकलेल्या पिक्सेलमधून कोणतीही वजाबाकी (रोजच्या चित्रातून आधीचे संदर्भचित्र वजा करणे) काही काढू शकत नाही. कॅमेऱ्याचे तापमान पूर्ण हंगामभर एकच ठेवा. ऑक्टोबरच्या संध्याकाळी हवा २५-२६ अंशांची असली तरी उणे ५ सहज जमते, तेच डिसेंबरातही ठेवा; म्हणजे एकदा काढलेले डार्क पुन्हा पुन्हा चालतात.

फोकसकडे दुर्लक्ष हे अपयशाचे सगळ्यात मोठे कारण. नोव्हेंबरात सात वाजता आणि अकरा वाजता यांत आठ-दहा अंशांचा फरक सहज पडतो. ८०० मिलिमीटर लांबीत ॲल्युमिनियमची नळी अंशाला सुमारे १८ मायक्रॉन आखडते, लोखंडी सुमारे १०. एफ/४ ला फोकसची मुभा एकूण चाळीसेक मायक्रॉनचीच असते. म्हणजे दोन-तीन अंश उतरले की तारे फुगायला लागतात, आणि फुगलेल्या ताऱ्यात साडेसतराचा नोव्हा विरून जातो. प्रत्येक संचाआधी फोकस पुन्हा बघा, मग तो मोटरने असो वा हाताने. ध्रुवताराही इथे फक्त २१ अंशांवर असतो, धुरक्यात आणि झाडांत हरवतो. म्हणून ध्रुवीय जुळणी प्लेट-सॉल्व्हिंगने (फोटोतल्या ताऱ्यांवरून संगणकाने दिशा ओळखून) करा, ध्रुवदुर्बिणीच्या भरवशावर राहू नका. तोतलाडोह किंवा नवेगाव खैरीच्या पाण्याजवळ बसलात तर दहानंतर दव धरते. न्यूटोनियनमध्ये आधी दुय्यम आरसा ओला होतो आणि ते लवकर लक्षात येत नाही, तारे फक्त हळूहळू मंद होत जातात. दुय्यम आरशामागे छोटी हीटर पट्टी लावा. माउंट, कॅमेऱ्याचा कूलर, छोटा संगणक आणि हीटर मिळून सहा-सात अँपिअर खातात, तेव्हा १२ व्होल्टची ५० अँपिअर-अवर लिथियम बॅटरी एका रात्रीला पुरते.

आणि एक गोष्ट फार कळकळीने सांगतो: हंगाम सुरू झाला की कॅमेरा फिरवू नका. फोकसरमधला त्याचा कोन कायम ठेवा, शक्य तर खूण करून स्क्रू घट्ट करा. दुय्यम आरशाच्या काड्यांमुळे ठळक ताऱ्यांना जे काटे फुटतात, ते रोज एकाच दिशेला पडले तर वजाबाकीत निघून जातात. कोन बदलला की प्रत्येक ठळक ताऱ्याभोवती खोटे ठिपके उगवतात. याम्योत्तर ओलांडल्यावर माउंट पलटी घेते आणि चित्र १८० अंशांनी उलटते. काटे सममित असल्याने ते चालून जाते, पण परावर्तनाचे डाग जागा बदलतात. म्हणून शक्यतो तिन्ही संच पलटीच्या एकाच बाजूला उरकावेत.

खरा जीव संदर्भचित्रात आहे. हंगामातल्या सगळ्यात स्वच्छ, स्थिर दोन-तीन रात्रींचे फ्रेम एकत्र करून, किमान तीन तासांचे, तुमच्याच दुर्बिणीतून, तुमच्याच कॅमेऱ्याने, तुमच्याच फिल्टरने संदर्भचित्र बनवा. इंटरनेटवरचे मोठ्या वेधशाळेचे चित्र घेऊन तुलना करायचा मोह होतो, पण रंगसंवेदना वेगळी असली की लाल तारे तुमच्या चित्रात ‘नवे’ दिसायला लागतात. संदर्भचित्र रोजच्या चित्रापेक्षा धारदार हवे. हॉटपँट्ससारखे सॉफ्टवेअर संदर्भचित्र तेवढे पसरवून रोजच्या चित्राशी जुळवते आणि मग वजा करते. संदर्भचित्रच पसरट असेल तर उलटे, म्हणजे धारदार करणे, नीट जमत नाही. आणि गेल्या हंगामातले संदर्भचित्र वापरलेत तर चांगलेच, कारण यंदाच्या ऑक्टोबरातल्या चित्रात यंदाचा नोव्हा आधीच बसलेला असू शकतो आणि मग वजाबाकीत तो स्वतःच स्वतःला खोडून टाकतो.

वजाबाकीआधी एक साधी पायरी करून बघा, नवख्याला तिचा फार उपयोग होतो. स्टॅकवर १५ ते २१ पिक्सेलच्या चौकटीचे मीडियन फिल्टर चालवून दीर्घिकेचा गुळगुळीत उजेड वेगळा काढा आणि मूळ चित्रातून तो वजा करा. मागे फक्त ठिपके उरतात. गाभ्याभोवतीचे जे दृश्य आधी एक पांढरा भोपळा होते, त्यात अचानक तारे आणि गुच्छ दिसायला लागतात. हेच संदर्भचित्राला करून दोन्ही चित्रे आलटून-पालटून पडद्यावर आणा, सेकंदाला एकदा. डोळ्याला नवा ठिपका चटकन कळतो. त्यानंतर रीतसर वजाबाकी. जुळणी गाया या अवकाश दुर्बिणीच्या यादीतल्या ताऱ्यांवर, ॲस्टॅप किंवा सिरिल या सॉफ्टवेअरने. चूक पाव पिक्सेलच्या आत हवी.

वजाबाकीच्या चित्रात खरा नोव्हा कसा दिसतो ते नीट लक्षात ठेवा. गोल, मधे तेजस्वी, काठाकडे विरत जाणारा, रुंदी शेजारच्या ताऱ्यांएवढीच, म्हणजे तीन-चार पिक्सेल. एक बाजू पांढरी आणि दुसरी काळी असेल तर ती जुळणीची चूक. पांढऱ्याभोवती काळे कडे असेल तर फोकसचा फरक. एक-दोन पिक्सेलचाच टोकदार ठिपका असेल तर वैश्विक किरण किंवा गरम पिक्सेल. मोठे, फिकट वर्तुळ असेल तर न्यू (ν) अँड्रोमीडासारख्या जवळच्या ठळक ताऱ्याचे परावर्तन. आणि गाभ्याच्या अगदी जवळ, अर्ध्या आर्कमिनिटाच्या आत, उजेडाचा स्वतःचाच गोंगाट एवढा असतो की ८ इंचीने तिथे सोळाव्या प्रतीहून मंद काही मानू नये. बाहेरच्या मोकळ्या भागात चांगल्या रात्री १८.५ पर्यंत पोचता येते. हा फरक मनात पक्का असू द्या.

आता जे ठिपके आकाराने खरे असतात पण नोव्हा नसतात, त्यांच्याकडे वळू. एम ३१ मधले गोलाकार तारकागुच्छ ताऱ्यांसारखेच दिसतात, पण ते संदर्भचित्रात असतातच, म्हणून फार फसवत नाहीत. फसवतात ते चल तारे, म्हणजे तेज बदलत राहणारे तारे. एडविन हबल यांनी ५-६ ऑक्टोबर १९२३ च्या रात्रीच्या काचेवर तीन ठिकाणी नोव्हा म्हणून ‘एन’ लिहिले होते. त्यातला एक नंतर सेफीड (ठरावीक कालाने तेज बदलणारा तारा) निघाला, त्यांनी ‘एन’ खोडून शेजारी ‘व्हीएआर!’ लिहिले, आणि त्या ताऱ्यावरून ही दीर्घिका आपल्या आकाशगंगेबाहेर असल्याचे ठरले. त्यांना १०० इंची दुर्बिणीने जो घोटाळा झाला तो तुम्हालाही होणार. एम ३१ चे मायरा प्रकारचे लाल तारे विनाफिल्टर कॅमेऱ्याला विशेष उजळ दिसतात, कारण सेन्सर जवळच्या अवरक्तातही पाहतो. आपल्या आकाशगंगेतला समोर पडलेला चल ताराही असू शकतो. उपाय: कॅमेऱ्यासमोर लाल फोटोमेट्रिक फिल्टर किंवा निदान अवरक्त कापणारा फिल्टर ठेवा, आणि प्रत्येक संशयिताच्या जागी गाया आणि पॅन-स्टार्स (हवाईतले आकाश सर्वेक्षण) यांच्या याद्यांत दोन आर्कसेकंदांच्या आत काही आहे का ते बघा. लघुग्रह एम ३१ कडे कमी येतात, कारण ती क्रांतिवृत्तापासून बरीच उत्तरेला आहे, पण येतच नाहीत असे नाही. पहिल्या आणि तिसऱ्या संचात तासाभराचे अंतर असेल तर लघुग्रह सरकलेला कळतो.

त्यानंतर हा नोव्हा आधीच कुणाला सापडलेला आहे का ते पाहायचे. एम ३१ च्या ज्ञात नोव्हांची यादी जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेने ठेवली आहे, आणि नव्या नोंदी ट्रान्झियंट नेम सर्व्हर या अधिकृत नोंदस्थळावर येतात. बहुतेक वेळा तुमचा ठिपका तिथे आधीपासून असेल. यात निराश होण्यासारखे काही नाही. रीत बरोबर चालली आहे याची तीच खात्री आहे, आणि ज्ञात नोव्ह्याची प्रत मोजून ठेवणे हेही काम आहेच. जुन्या नोव्हांच्या जागाही तपासा. एम ३१ एन २००८-१२ए हा तर जवळजवळ दरवर्षी भडकतो आणि दोन दिवसांत दोन प्रती खाली येतो. तो भरातही १८.५ च्या जवळपास असतो आणि गाभ्यापासून पाऊण अंशाहून दूर, म्हणजे मधल्या चौकटीबाहेर, त्यामुळे ८ इंचीला तो अवघडच. ११-१२ इंची दुर्बीण असेल तर त्याची स्वतंत्र चौकट ठेवा.

संशयित या सगळ्यातून निभावला तर मोजणी. त्याच चौकटीतले, फुगवट्यापासून दूरचे, १४ ते १६ प्रतीचे आठ-दहा तारे पॅन-स्टार्सच्या आर प्रतीवर बसवा आणि वजाबाकीच्या चित्रावर संशयित मोजा, मूळ चित्रावर नाही. मूळ चित्रात दीर्घिकेचा उतार मोजणीत मिसळतो. सिग्नल गोंगाटाच्या पाचपटच असेल तर प्रतीतली चूक ०.२ ची असते, अशा ठिपक्यावर दावा करू नका, दुसऱ्या रात्रीची वाट बघा. आठ-दहापट असेल आणि तिन्ही संचांत असेल तर त्याच रात्री ट्रान्झियंट नेम सर्व्हरवर कळवा. जागा २०००.० च्या विषुवांश-क्रांतीत, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत आणि आर्कसेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत लिहा, सोबत गाभ्यापासून पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण किती आर्कसेकंद तेही द्या.

वेळ लिहिताना हमखास चूक होते. नोंद जागतिक वेळेत, स्टॅकच्या मध्याची, दिवसाच्या दशांशात असते. १५ नोव्हेंबरला रात्री ९.२० म्हणजे नोव्हेंबर १५.६६०. पण १६ तारखेच्या पहाटे २ वाजता घेतलेला स्टॅक हा नोव्हेंबर १५.८५४ आहे, १६ नव्हे, कारण आपल्याकडे सकाळी साडेपाच वाजेपर्यंत जागतिक तारीख आदल्या दिवसाचीच असते. छोट्या संगणकाचे घड्याळ इंटरनेटशी किंवा जीपीएसशी जुळवलेले असू द्या.

शहरातूनच काम करायचे असेल किंवा चंद्र असेल तर एच-अल्फा फिल्टर, म्हणजे हायड्रोजनच्या लाल रेषेपुरताच उजेड सोडणारा, घ्या. नोव्ह्याचा साधा उजेड काही दिवसांत-आठवड्यांत ओसरतो, पण हायड्रोजनची लाल रेषा महिनोन् महिने टिकते, त्यामुळे मधल्या रात्री चुकल्या तरी नोव्हा हाती लागतो. फिल्टर फार अरुंद घेऊ नका. कवच सेकंदाला हजार-दोन हजार किलोमीटरने फुगत असल्याने ही रेषा चार ते नऊ नॅनोमीटर रुंद होते. ३ नॅनोमीटरचा फिल्टर तिचा बराच भाग कापून टाकतो, ७ नॅनोमीटरचा चांगला. एम ३१ आपल्याकडे सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटरने येते आहे, त्यामुळे रेषा ६५६.३ वरून ६५५.६ नॅनोमीटरवर सरकते; ७ नॅनोमीटरमध्ये तेही सामावते. स्फोटाच्या अगदी पहिल्या दिवसांत मात्र ही रेषा अजून भरात नसते, म्हणून ताजा नोव्हा पकडायला लाल फिल्टर आणि जुना ओळखायला एच-अल्फा. दोन्हींत दिसला आणि एच-अल्फात जास्त उठून दिसला, तर तो मायरा नसून नोव्हा असल्याचा चांगला पुरावा मिळतो. पक्की खात्री वर्णपटानेच होते, आणि सतरा प्रतीचा वर्णपट लडाखमधल्या हानले इथल्या २ मीटर हिमालयन चंद्र दुर्बिणीसारख्या मोठ्या साधनाचेच काम आहे. तुमची नोंद वेळेत पोचली तर अशा दुर्बिणी तिकडे वळू शकतात.

पालोमारच्या झेडटीएफसारखे स्वयंचलित सर्वेक्षण आकाश रोज चाळते, मग आपण कशाला, असे मनात येईल. पालोमार अमेरिकेत आहे, तिथे रात्र असते तेव्हा इथे दिवस असतो. जलद नोव्हा काही तासांत चढतो, आणि जपानमध्ये मध्यरात्र होत आलेली असताना, युरोपात अंधार पडण्याआधी, नागपूरच्या स्वच्छ हिवाळी आकाशात एम ३१ उंचावर असते. त्या खिडकीतले एकही मोजमाप वाया जात नाही.

म्हणूनच ज्या रात्री काहीच सापडले नाही ती रात्रही लिहून ठेवा: तारीख, मधली वेळ, फ्रेम किती, ताऱ्यांची रुंदी, आणि बाहेरच्या भागात व गाभ्यापासून दोन आर्कमिनिटांवर कुठल्या प्रतीपर्यंत दिसले. ट्रान्झियंट नेम सर्व्हरच्या अर्जात ‘शेवटचे कधी दिसले नव्हते, आणि कुठल्या प्रतीपर्यंत’ हा रकाना असतो. उद्या तुमच्या चौकटीत कुणालाही नोव्हा सापडला तरी तो कधी पेटला हे ठरवायला तुमची आजची ‘काही नाही’ अशी नोंद लागते.